गाडी आली का?

मुंबई ते लंडन स्वतःच्या गाडीने गेलेल्या माणसांची व्याख्यानं हल्ली मुंबई-पुण्यात आणि ठाण्यात बरीच होतात. पडद्यावर नकाशा येतो, नकाशावर लाल रेघ सरकू लागते. नेपाळ, तिबेट, चीन, किर्गिझस्तान. मग याकच्या दुधाचा चहा, थंडीत रुसलेलं डिझेल, समरकंदचे निळे घुमट आणि त्या घुमटांपुढे तिरपी लावलेली एमएच झीरो फोर. शेवटची स्लाइड नेहमीच टॉवर ब्रिजची असते. टाळ्या पडतात, आयोजक शाल-श्रीफळ देतात आणि सभागृह बटाटेवड्याकडे वळतं. गाडी परत कशी आली, हे कुणी विचारत नाही. वक्ताही आपणहून सांगत नाही. विषय निघालाच तर तो पाण्याचा घोट घेतो आणि मंगोलियाकडे वळतो, मंगोलिया त्याच्या वाटेवर नसला तरी.

वाहन परत पाठवण्याची आपल्या परंपरेतली विनातक्रार नोंद बहुधा एकच. श्रीराम अयोध्येला उतरले आणि त्यांनी पुष्पक विमान कुबेराकडे परत धाडलं. ते आपलं आपण गेलं. भाडं नाही, विमा नाही, कस्टम नाही. त्यानंतर एवढं सरळ काम कुणाचं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमचे दाजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा नातेवाइकांना वाटलं, आता ते भजनी मंडळात जातील. ते लंडनला गेले. ताईला शेजारच्या सीटवर बसवून, स्वतःच्या डिझेल गाडीने. पोचले, फोटो पाठवले, कौतुक झालं. आणि मग ज्या मोहिमेवर व्याख्यान होत नाही ती सुरू झाली. तिच्यात मी ठाण्यातल्या तळावर असल्यामुळे अधिकाराने बोलू शकतो.

गाडीनेच परत का आले नाहीत, असं विचारणाऱ्यांनी आधी ताईला विचारावं. चीनमध्ये परदेशी गाडीला सरकारमान्य गाइड सोबत घ्यावा लागतो, तात्पुरती चिनी नंबरप्लेट आणि तात्पुरतं लायसन्स घ्यावं लागतं, आणि हे सगळं आधी ठरलेल्या मार्गापुरतं आणि तारखांपुरतं असतं. परतीसाठी तो सारा खटाटोप पुन्हा. पाकिस्तानची वाट आपल्या गाड्यांना बंद. पण ही कारणं दुय्यम. मुख्य कारण ताईने टॉवर ब्रिजखालीच सांगितलं, "मी विमानाने जाते. तुम्ही आणि तुमची ती, या हवं तसे."

१९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची मोठी शर्यत झाली होती. स्पर्धक लंडनहून युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत मुंबईला आले आणि मुंबईपुढे समुद्र लागला. तेव्हा टिकलेल्या सत्तरेक गाड्या ‘चुसान’ नावाच्या पी अँड ओच्या प्रवासी जहाजावर चढवल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवल्या. त्याच जहाजावर वरच्या मजल्यांवर स्पर्धकही होते. म्हणजे माणसं डेकवर झोपा काढतायत आणि गाड्या खाली विसावल्यायत, असा तो सुखाचा प्रवास. हल्ली ही सोय नाही. हल्ली माणूस नऊ-दहा तासांत घरी येतो आणि गाडीची वाट बघत बसतो, आणि सोसायटीतला जो तो लिफ्टमध्ये विचारतो, "काय, गाडी आली का?"

परदेशी नेलेली गाडी कायद्याच्या भाषेत सहलीला गेलेली असते. ती तिथे विकली जाऊ नये म्हणून तिच्या गळ्यात एक पुस्तिका बांधलेली असते, तिला कार्नेट म्हणतात. दाजींनी ती मुंबईत चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमधून काढली. ही संस्था १९१९ सालची, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर व्हिक्टोरिया धावत होत्या तेव्हाची. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना कस्टमवाला एक फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा शिक्क्यांसकट पुस्तिकेत उरतो. एखाद्या देशात गाडी आत गेल्याचा शिक्का आहे आणि बाहेर पडल्याचा नाही, तर तो देश समजतो की गाडी इथेच विकली, आणि तिची ड्युटी मागतो. ती रक्कम आधी संस्थेच्या बोडक्यावर येते, म्हणून संस्था आपल्याकडून बँकेची हमी घेऊन ठेवते. दाजींनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बँक गॅरंट्या तपासण्यात घालवलेलं. स्वतःच्या गाडीसाठी गॅरंटी मागायला ते जुन्या शाखेत गेले, तेव्हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मॅनेजरने त्यांना त्यांचेच प्रश्न त्यांच्याच सुरात विचारले. त्या दिवसापासून दाजी त्या मुलाचं नाव घेत नाहीत, पण "पोरगं तयार झालंय" हे मान्य करतात.

विम्याचंही असंच. आपली गाडीची पॉलिसी भारतापुरती. जादा हप्ता भरला तर ती शेजारच्या काही देशांपर्यंत ताणता येते: नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. मालदीव! ज्या कुणी ही यादी केली त्या गृहस्थांना एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. ठाण्याची गाडी मालदीवपर्यंत नेणाऱ्या माणसाला विम्याची काय गरज, हा माझा साधा प्रश्न आहे.

तर लंडन. पूर्व लंडनमध्ये दाजींना एक गुजराती फॉरवर्डर, म्हणजे जहाजाने माल पाठवून देणारा, भेटला. त्याचे आजोबा केनियाला गेलेले, वडील इंग्लंडला आलेले, म्हणजे स्थलांतराचा घराण्याला अनुभव. "काका, टेन्शन नहीं लेने का," तो म्हणाला, आणि जगात कुठेही हे वाक्य ऐकल्यावर जे व्हायचं ते सुरू झालं.

पर्याय दोन होते. एक रो-रो, म्हणजे गाडी चालवत जहाजाच्या पोटात न्यायची आणि दुसऱ्या टोकाला चालवत बाहेर काढायची. ऐकायला छान. पण किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि गाडीत आपली एकही चीजवस्तू ठेवायची नाही. ताईची कुकर, पोळपाट, दोन स्लीपिंग बॅगा आणि कझाकस्तानात घेतलेला गालिचा अशी गृहस्थी गाडीत थाटलेली. तेव्हा दुसरा पर्याय, कंटेनर.

वीस फुटी कंटेनर आतून लांबीला ५.९ मीटर असतो. गाडी आरामात मावते. दाराची उंची साधारण २.२८ मीटर. गाडी मावते, पण गाडीच्या टपावर कॅरियर आणि कॅरियरवर दाजींचा तंबू होता. तो धरून उंची दाराच्या वर चार बोटं. दाजींनी टायरमधली हवा सोडून बघितली. मग तंबू उतरवला. दाराची रुंदी २.३४ मीटर आणि गाडीची जवळजवळ १.९. म्हणजे गाडी आत जाते, पण आत गेल्यावर ड्रायव्हरने बाहेर यायचं कसं? एका भिंतीला चिकटवून लावली तरी दुसरीकडे दार दीड वितीहून जास्त उघडत नाही. दाजी स्वतः गाडी आत न्यायच्या हट्टाला पेटले होते. "बत्तीस घाट चढवलीय मी हिला!" यार्डातल्या माणसाने दाजींच्या पोटाकडे बघितलं, दाराच्या फटीकडे बघितलं आणि अतिशय सभ्यपणे एका काडीपैलवान पोराला हाक मारली. पोरगा गाडी आत घेऊन गेला आणि खिडकीतून बाहेर आला. मग खिडकी बंद करायला परत आत गेला आणि मागच्या दरवाजातून बाहेर आला. हे सगळं आम्ही ठाण्यात व्हिडिओ कॉलवर बघत होतो. आईने विचारलं, "चोरतोय का रे तो?"

त्याआधी धुण्याचा प्रसंग झाला तो वेगळाच. फॉरवर्डरचं म्हणणं, गाडी स्वच्छ धुऊन आणा, म्हणजे ओरखडे दिसतील आणि फोटो काढून अहवाल करता येईल. दाजींच्या मते गाडीवर माती नव्हती, इतिहास होता. पामीरची धूळ, कझाक स्टेपीचा चिखल, बल्गेरियातला पाऊस, असे थर त्यांना तोंडपाठ. एका हँड कार वॉशवर दोन अफगाण मुलांनी तो सगळा इतिहास दहा मिनिटांत गटारात सोडला. दाजी बाजूला उभे राहून देशांची नावं घेत होते, असं ताई सांगते.

टाकीत डिझेल पाव टाकीहून जास्त नको. बॅटरीची तार सोडायची. चाकांखाली ठोकळे घालायचे, पट्टे ताणून गाडी जमिनीला जखडायची. ठोकळे लाकडी असतील तर ते उष्णतेची प्रक्रिया केलेलेच हवेत, आणि त्यावर ओंबीचं चित्र असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, नाहीतर लाकडातून एका देशाचे किडे दुसऱ्या देशात जातात. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाची नजर मग बंपरकडे गेली. तिथे ठाण्यात बांधलेल्या लिंबू-मिरचीचा वाळून कोळसा झालेला अवशेष सगळे देश ओलांडून लोंबत होता.

"धिस इज प्लांट मटेरियल," यार्डातला गोरा म्हणाला.

"धिस इज इन्शुरन्स," दाजी म्हणाले.

गुजराती फॉरवर्डरने दोघांकडे बघितलं, हात जोडले आणि मिरची स्वतःच्या खिशात टाकली.

खरी परीक्षा सामानाच्या यादीची. आत जे जे आहे ते कागदावर हवं, नग आणि किमतीसह. जगातल्या साऱ्या व्यापारी वस्तूंची एक संहिता आहे, तिचे नव्वदीच्या घरात अध्याय आहेत आणि त्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे. मोटारी सत्त्याऐंशीव्या अध्यायात येतात. चहा, कॉफी आणि मसाले नवव्या. ताईच्या डब्यात पाऊण किलो गोडा मसाला उरला होता. "व्हॅल्यू?" फॉरवर्डरने विचारलं. ताईने सांगितलं, त्याची किंमत होत नसते, तो सासूबाईंच्या हातचा आहे. फॉरवर्डरने एक पौंड लिहिलं. ताई अजूनही त्या माणसाविषयी चांगलं बोलत नाही. सासूबाईंपर्यंत ही बातमी पोचली तेव्हा त्यांनी तर चलनाचा दर विचारून घेतला आणि दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

कंटेनरचं दार बंद झालं, सील लागलं, सीलचा क्रमांक लिहून घेतला. आणि इथे एक बदल झाला तो माझ्या लक्षात नीट राहिला आहे. तोवर ती गाडी होती. आता ती माल झाली. दाजी तोवर प्रवासी होते, ते कन्साइनी, म्हणजे माल घेणारे, झाले. जहाज कंपनीने बिल ऑफ लेडिंग दिलं. मालाची पावती, मालकीचा दाखला आणि वाहतुकीचा करार असे तिन्ही एकात असलेला हा कागद, त्याच्या मूळ प्रती तीन. त्यावर कंपनीने लिहिलं होतं, एक कंटेनर, ज्यात एक वापरलेली गाडी ‘असल्याचं सांगण्यात येतं’. बस. आत काय आहे हे कंपनीने पाहिलेलं नाही, मोजलेलं नाही, रचलेलं नाही. उद्या आत हत्ती निघाला तरी कंपनीची हरकत नाही. दाजींना हा कागद वाचून धक्का बसला, पण बँकर म्हणून त्यांनी वाक्यरचनेला दाद दिली.

मग सागरी विमा. विमावाला फोनवर म्हणाला, "सर, समजा जहाज बुडालं..."

"शुभ बोल नाऱ्या!" मागून ताई.

पण तो मुलगा चिकाटीचा. त्याने जनरल अ‍ॅव्हरेज समजावून सांगितलं, आणि त्या रात्री दाजींना झोप लागली नाही. नियम असा: जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला कप्तानाने जाणूनबुजून काही खर्च केला किंवा कुणाचा माल समुद्रात फेकला, तर तो तोटा जहाजमालक आणि जहाजावरच्या सगळ्या मालाचे मालक यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. कुणाच्या टीव्हींचे खोके फेकले आणि त्यामुळे तुमची गाडी वाचली, तर टीव्हीवाल्याला तुम्ही पैसे द्यायचे. नियम प्राचीन आहे आणि विचार केला तर न्याय्यही आहे, पण विचार करायला मन शांत लागतं. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. जग सहा दिवस खोळंबलं, आपण त्यावर विनोद पाठवले. ते सुटल्यावर मालकांनी नेमकं हेच कलम लावलं. म्हणजे ज्यांनी फक्त सोफासेट मागवला होता, त्यांनाही जहाज उपसून काढण्याच्या खर्चात हिस्सा द्यायचं हमीपत्र दिल्याशिवाय सोफा मिळेना. आणि जहाज सुटलं तरी इजिप्तने भरपाईसाठी ते जुलैपर्यंत तिथेच तळ्यात अडकवून ठेवलं होतं. सोफ्यावर बसायची हौस तोवर कुणाला उरली असेल असं वाटत नाही.

दाजींनी विमा घेतला. हप्ता ऐकून ताई म्हणाली, "एवढ्यात माझी दोन विमानाची तिकिटं आली असती." दाजी म्हणाले, "तू बुडणार नाहीस." यावर घरात जे वातावरण झालं ते मी सांगत नाही.

जहाज फेलिक्सस्टोहून सुटलं. इंग्लंडचं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर. आता जहाजांचा ठावठिकाणा फोनवर दिसतो, आणि ही सोय ज्याने काढली त्याला घरोघरच्या बायकांचे तळतळाट लागणार आहेत. दाजी पहाटे उठून आधी जहाज बघत, मग तोंड धूत. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बरीच जहाजं सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. आमचं जहाजही तिकडे वळलं. वास्को द गामाच्या वाटेने ठाण्याची गाडी येते आहे, याचा आधी दाजींना अभिमान वाटला. नकाशावरचा तो हिरवा बाण दिवसाला बोटभर सरके. आमच्या घरात केप ऑफ गुड होपवरचं हवामान ही चहाबरोबर घ्यायची गोष्ट झाली. आई विचारायची, "आज कुठवर आली?" आणि दाजी "सेनेगल" म्हणाले, की "बरं, जेवली असेल" असं म्हणून दिवा लावायची.

मग एके दिवशी बाण भारताच्या दिशेने आला, आला, आणि खाली घसरून कोलंबोला गेला. दाजींनी फोन झटकून बघितला. फॉरवर्डरला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, ट्रान्सशिपमेंट. नॉर्मल है." मोठी जहाजं एका मोठ्या बंदरात कंटेनर उतरवतात आणि तिथून दुसरं जहाज तो घेऊन येतं. हे दुसरं जहाज कधी येणार, हे मात्र त्याच्या मनावर. गाडी कोलंबोच्या धक्क्यावर ऊन खात बसली. "एवढी जवळ आलीय," दाजी म्हणायचे, "रामसेतू असता तर मी जाऊन घेऊन आलो असतो."

याच काळात दुबईतल्या माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याची भलीमोठी गाडी तिथे आहे, परत येताना ती घेऊन यावी म्हणतो. त्याला दाजींनी असा झोडपला की बँकेत ते कर्ज थकवणाऱ्यालाही झोडपत नसत. वापरलेली परदेशी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, ती मुंबईच्याच बंदरातून यायला हवी, स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, दिव्यांचा झोतही डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, आणि हे सगळं जमवलं तर ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त. त्याचं स्टिअरिंग डावीकडे. विषय संपला. "आमची गोष्ट निराळी आहे," दाजी म्हणाले, "आमची गाडी आयात नाहीये. ती माहेरी येतेय."

आली. न्हावा-शेवाला उतरली आणि बंदरातून द्रोणागिरीच्या बाजूला एका कंटेनर फ्रेट स्टेशनात गेली. तिथे आमची गाठ सीएचएशी पडली. कस्टममध्ये तुमच्या वतीने कागद फिरवणारा हा माणूस. सरकारने त्याला केव्हाचं कस्टम्स ब्रोकर केलं आहे, पण न्हावा-शेवात त्याला कुणी त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. आमचा सीएचए उरणचा, पांढरा शर्ट, दोन फोन, दोन्ही सतत वाजणारे. त्याने खर्चाचा कागद पुढे केला.

फॉरवर्डरने "ऑल इन्क्लुझिव्ह" म्हटलं होतं ते इथल्या धक्क्याच्या कडेपर्यंत. शंभराची थाळी मागवावी आणि बिलात ताट, वाटी, पाणी आणि बसायचं बाक वेगवेगळं लागावं, तसा तो कागद होता. टर्मिनल हँडलिंग. डिलिव्हरी ऑर्डरची फी. कागदपत्रांची फी. कंटेनर उचलण्याचे, कंटेनर ठेवण्याचे. वजनाचे. डिस्टफिंगचे, म्हणजे गाडी बाहेर काढण्याचे. कंटेनर धुण्याचे. सीलचे. आणि फुकटचे दिवस संपल्यावर दररोज चढत जाणारं भाडं. त्यातले काही आकडे डॉलरमध्ये, आणि डॉलरचा भाव जहाज कंपनीचा स्वतःचा. इथे दाजी पेटले. बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं, पण चलनाचा दर! त्यांनी खिशातून फोन काढून त्या दिवशीचा डॉलरचा संदर्भ दर दाखवला. सीएचए कौतुकाने बघत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही त्यांना हा दर समजावून सांगेपर्यंत अजून तीन दिवसांचं भाडं लागेल."

दाजींनी पैसे भरले. कंटेनर धुण्याच्या पैशांवर मात्र त्यांनी अडून विचारलं, "आमची गाडी लंडनला धुऊन घातलीय. मग कंटेनर घाण कशाने झाला?" याचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही.

तपासणीच्या दिवशी कंटेनर उघडला. आत गाडी. एका चाकाची हवा गेलेली, बॅटरी मेलेली, बाकी जशीच्या तशी. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकारी तरुण होता, शांत होता, आणि तो रडणारे मालक रोज बघत असावा. त्याने कार्नेट घेतलं, चाळलं, एकेक शिक्का वाचला. मग म्हणाला, "चासी नंबर बघू."

तीच गाडी आहे, हे सिद्ध करणं एवढाच सगळा खेळ होता. गेली तीच परत आली, तर ड्युटी नाही. दुसरी आली, तर दुबईच्या मावसभावाचे सगळे नियम लागू. गाडीचा चेहरा, ओरखडे, मागच्या काचेवर दाजींनी लावलेला "जय महाराष्ट्र", यातलं काही पुरावा नाही. पुरावा एकच, सांगाड्यावर कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक. आणि लंडनच्या त्या अफगाण मुलांनी सगळं धुतलं होतं, नेमकं तेवढं सोडून. क्रमांकावर चिखल. हमालाने नाण्याने खरवडायला घेतलं. दाजी खाली वाकून म्हणाले, "जरा हळू. कझाकस्तान आहे ते." हमालाने वर बघितलं आणि थोडं हळू खरवडलं.

क्रमांक निघाला. कागदावरच्याशी जुळेना. एका जागी कागदावर इंग्रजी ओ आणि गाडीवर शून्य. सीएचएच्या कचेरीत कुणीतरी टाइप करताना घातलेला घोळ. दाजींचा रंग उतरला. अधिकाऱ्याने मात्र दोन सेकंदही घेतले नाहीत. "या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत," तो म्हणाला, "एक, शून्य यांच्याशी गोंधळ होतो म्हणून. दुरुस्ती करून आणा." मला त्या माणसाविषयी आदर वाटला. दुरुस्तीला मात्र वेळ लागला, कारण संगणकाला हे सगळं समजावून सांगावं लागतं आणि मधे शनिवार-रविवार होते.

नंतर सामानाची यादी. कुकर एक, मिळाला. पोळपाट एक, मिळाला. गालिचा एक, तपासला. मसाला. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "गोडा?" त्याने विचारलं. सोलापूरचा निघाला. "आमच्याकडे काळा करतात." किंमत एक पौंड वाचून त्याने मान हलवली, पण सही केली.

आउट ऑफ चार्ज मिळालं, म्हणजे माल सुटला. कार्नेटवर परत आल्याचा शिक्का पडला, आता ते चर्चगेटला देऊन बँकेची हमी सोडवून घ्यायची. गेट पास झाला. पंक्चरवाला बोलावला, बॅटरीला दुसऱ्या बॅटरीची तार लावून गाडी चालू केली. दाजी स्टिअरिंगवर बसले. या वेळी दार पूर्ण उघडलं.

टाकीतलं डिझेल तळालाच होतं, म्हणून गव्हाण फाट्याच्या अलीकडे पहिला पंप दिसला तिथे थांबलो. पंपावर पीयूसीची गाडी उभी होती. दाजींना आठवलं की गाडी आफ्रिकेला वळसा घालत असताना तिचं पीयूसी संपलं आहे. पीयूसीवाला मुलगा आला, त्याने धुराड्यात नळी घातली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या दारावर एकाखाली एक झेंडे चिकटवलेले होते. नेपाळपासून ब्रिटनपर्यंत, प्रत्येक सरहद्दीवर दाजींनी स्वतःच्या हाताने एकेक लावलेला.

"भारी आहेत स्टिकर," मुलगा म्हणाला. "ऑनलाइन मागवले का? माझ्या मित्राच्या जिमनीवर पण हेच आहेत. पूर्ण सेट मिळतो."

दाजींनी ग्लव्ह बॉक्स उघडला आणि कार्नेट बाहेर काढलं. त्यांनी त्या मुलाला पहिल्या पानापासून शिक्के दाखवायला सुरुवात केली. तो नम्रपणे बघत राहिला. किर्गिझस्तानपर्यंत आल्यावर त्याने यंत्रातून निघालेला कागद फाडला, दाजींच्या हातातल्या पुस्तिकेवर ठेवला आणि म्हणाला, "काका, दीडशे. स्कॅनर तिकडे खांबाला आहे."